सर्वांत श्रेष्ठ टेनिसपटू : एका शब्दाची अडचण

(जबलपूर येथील मराठी वाचकांच्या मेळाव्यात, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भेडाघाट येथे अनुवादिकेने केलेले भाषण)



अनुवादकाला व्याख्यानासाठी बोलावण्याचा प्रघात आपल्याकडे फारसा नाही. मूळ लेखक हयात नसला, किंवा त्याला सवड नसली, म्हणजे अनुवादकाची आठवण होते. आपण मात्र मला माझ्याच कामाविषयी बोलण्यास बोलावले, याबद्दल मी आपली ऋणी आहे. भोसल्यांच्या आणि पुढे मध्य प्रांताच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. माझे वडील तारखात्याच्या नोकरीत जबलपुरात होते आणि माझे प्राथमिक शिक्षण येथेच झाले. त्यामुळे येथे पाहुणी म्हणून बोलताना थोडा संकोच वाटतो.

सध्या मी टेनिसच्या इतिहासावरील एका इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद करीत आहे. पुस्तक सुबोध आहे. बिनतोड सर्व्हिस कशी करतात, हिरवळीवर चेंडू घसरतो आणि मातीवर उसळून थांबतो तो का, हे सारे मराठीत आणताना फारसे अडले नाही. अडले ते एका वाक्यापाशी. लेखक म्हणतो की, रॉड लेव्हर हा सर्व काळातील सर्वश्रेष्ठ टेनिसपटू होय. वाक्य सरळ आहे. शब्दकोशाची गरज पडू नये असे आहे. तरीही तीन आठवडे ते माझ्या मेजावर पडून राहिले. आज त्या एका वाक्याविषयीच बोलण्याचा माझा विचार आहे.

आपल्यापैकी बरीच मंडळी आज पहाटे टेकडीवरचे चौसष्ट योगिनींचे मंदिर पाहून आली. त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळातील, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे हे वर्तुळाकार देवालय आहे. मधोमध गौरीशंकर आणि सभोवती योगिनींच्या ओवऱ्या. नाव चौसष्ट योगिनी. पण ओवऱ्या मोजू लागले, तर त्या ८४ भरतात. त्यांतील तीन वाटेसाठी मोकळ्या सोडलेल्या आहेत. उरलेल्या ८१ योगिनींच्या. म्हणजे नावात ६४ आणि दगडात ८१. शेकडो वर्षे लोक चौसष्टच म्हणत आले आहेत, आणि त्यांचे काही चुकते असेही नाही. चौसष्ट हे एका परंपरेचे नाव आहे. ती येथील ओवऱ्यांची मोजदाद नव्हे. हे मी सांगते याचे कारण असे की, टेनिसमध्येही असे काही आकडे आहेत. ते मोजदादीसारखे दिसतात, पण वस्तुतः ती परंपरेची नावे असतात.

आता त्या वाक्याकडे वळू. इंग्रजीत विशेषणाला एक प्रत्यय लावला की ते परमावधीला पोहोचते, आणि मग त्याला सोबत कोणाची लागत नाही. मराठीत तशी सोय नाही. आपल्याला ‘सर्वांत’ म्हणावे लागते. सर्वांत उंच, सर्वांत थोर. ‘श्रेष्ठ’ हा शब्द संस्कृतात मुळातच परमावधी दाखवणारा आहे, त्यामुळे ‘सर्वांत श्रेष्ठ’ ही एका अर्थी द्विरुक्तीच; पण मराठीने ती पत्करली, कारण मराठीला तो समुदाय डोळ्यांसमोर हवा असतो. ‘सर्वांत’ म्हटले की ऐकणारा विचारतो, कोणांत? वर्गात, गावात, की प्रांतात? इंग्रजी वाक्याने हा प्रश्न टाळला होता. मराठी व्याकरणाने तो माझ्यापुढे आणून ठेवला.

हाच प्रश्न काल रात्री नर्मदेत, नावेत बसल्याबसल्या, आमच्या कुटुंबात निघाला. आपणापैकी काही जण त्याच नावेत होते, त्यांना तो सारा कलह आठवत असेलच. नावाडी आपल्या यमकबद्ध हिंदीत संगमरवरी कड्यांची वर्णने करीत होता. बंदरकूदनीपाशी दोन्ही कडे एके काळी इतके जवळ होते की माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारीत, असे सांगत होता. आणि माझे वडील माझ्या भाच्याला सांगत होते की, लेव्हरसारखा खेळाडू झाला नाही आणि होणार नाही. भाचा बावीस वर्षांचा. त्याचे उत्तर दोन शब्दांचे होते : “आजोबा, चोवीस.” वहिनी म्हणाल्या, आकड्यांचे मला काही कळत नाही, फेडरर खेळत असला म्हणजे मी स्वयंपाकघरातून बाहेर येत असे, एवढे खरे. तेवढ्यात नाव अशा जागी आली की, पुढे कडाच दिसावा आणि वाट कोठून आहे ते कळू नये. नावाडी म्हणाला, ही भूलभुलैया. सगळे क्षणभर गप्प झाले. वाद मात्र तेथे संपला नाही.

भाच्याचा आकडा आपण आधी पाहू. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांतील पुरुष एकेरीची विजेतेपदे मोजली, तर नोव्हाक जोकोविच याची २००८ ते २०२३ या काळात २४ होतात. राफाएल नदालची २२, त्यांतील १४ एकट्या फ्रेंच स्पर्धेतील. रॉजर फेडररची २०. त्यांच्या आधी पीट सॅम्प्रासची १४, रॉय एमर्सनची १२, आणि ब्यॉन बोर्ग व लेव्हर यांची प्रत्येकी ११. या यादीत माझ्या वडिलांचा नायक पहिल्या पाचांतही बसत नाही. माझ्या पुस्तकाचा लेखकही मग चुकला असेच म्हणावे लागेल. अर्थात त्याच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, ते पुस्तक लिहिले गेले तेव्हा सॅम्प्रास शाळकरी मुलगा होता.

परंतु ‘कोणांत’ हा प्रश्न या यादीला विचारून पाहा. १९६८ च्या वसंत ऋतूपर्यंत या चारही स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळून उघडपणे पैसे मिळवणाऱ्या व्यावसायिकाला तेथे प्रवेश नव्हता. त्यामुळे जो कोणी उत्तम खेळू लागे, त्याला एक-दोन वर्षांत व्यावसायिक फडाचे बोलावणे येई. तो ते स्वीकारी, आणि मोठ्या स्पर्धांची दारे त्याला बंद होत. मग तो गावोगावच्या बंदिस्त सभागृहांत, एका रात्रीपुरत्या मांडलेल्या मैदानांवर खेळत हिंडे. पाँचो गोन्झालेस १९४८ आणि १९४९ साली अमेरिकन विजेता झाला, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी व्यावसायिक बनला. दारे उघडली तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. मधल्या काळात बरीच वर्षे व्यावसायिकांत त्याला तोड नव्हती. पण यादीत त्याच्या नावापुढे दोनच विजेतेपदे दिसतात. केन रोजवॉल १९५७ पासून अकरा वर्षे बाहेर राहिला. १९६८ च्या एप्रिलमध्ये बोर्नमथ येथे पहिली खुली स्पर्धा झाली, ती त्यानेच जिंकली. अंतिम सामन्यात त्याने लेव्हरला हरवले.

लेव्हरचे तसेच झाले. १९६२ साली त्याने चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, आणि तो व्यावसायिक झाला. पुढची पाच वर्षे, म्हणजे वीस मोठ्या स्पर्धा, तो खेळू शकला नाही. त्या वीस स्पर्धांतील दहा एमर्सनने जिंकल्या. एमर्सन मोठा खेळाडू होता यात शंका नाही. पण त्याचा १२ चा विक्रम २००० साली सॅम्प्रासने मोडीपर्यंत जगभर उच्चारला जात होता, आणि उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती दारे आठवत होती.

माझ्या वडिलांचे येथपर्यंतचे म्हणणे मला मान्य आहे, आणि त्यांचे कारणही मला ठाऊक आहे. ते लेव्हरची बाजू घेतात ती रामनाथन कृष्णनमुळे. कृष्णन १९६० साली विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला. १९६१ साली तो पुन्हा तेथे पोहोचला. उपांत्यपूर्व फेरीत त्याने याच एमर्सनला सरळ सेट्समध्ये हरवले, आणि मग तो लेव्हरकडून हरला. १९५९ च्या डेव्हिस चषकात त्याने लेव्हरला हरवलेही होते. जॅक क्रेमर याने आपल्या व्यावसायिक फडात येण्यासाठी कृष्णनपुढे मोठी रक्कम ठेवली होती. कृष्णनने ती नाकारली. तो हौशी राहिला, आणि म्हणूनच १९६६ साली कलकत्त्यात ब्राझीलविरुद्धच्या निर्णायक सामन्यात तो भारताकडून उभा राहू शकला. थोमाझ कॉखविरुद्ध तो दोन सेट एकने मागे होता, आणि चौथ्या सेटमध्ये २-५ असा मागे पडला होता. तेथून त्याने सामना फिरवला आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या आव्हान फेरीत गेला. वडील तेव्हा कॉलेजात होते. शेजारच्या घरातील रेडिओभोवती उभे राहून ऐकलेला तो चौथा सेट ते अजूनही गेमागणिक सांगतात. ज्याने कृष्णनला हरवले तो जगातला सर्वांत श्रेष्ठ असलाच पाहिजे. एरवी आपल्या हरण्याला अर्थ काय राहिला, असा हा तर्क आहे. तो तर्क सदोष असेल, पण माझ्या मते प्रामाणिक आहे. आपला माणूस कोणाकडून हरला, यावरही आपण त्याचे मोठेपण मोजीत असतो.

तथापि तीच कसोटी लेव्हरलाही लावली पाहिजे. १९६२ च्या त्याच्या चार विजेतेपदांत गोन्झालेस नव्हता, रोजवॉल नव्हता, ल्यू होड नव्हता. १९६३ च्या आरंभी लेव्हर त्यांच्यात गेला, तेव्हा रोजवॉल आणि होड यांच्याकडून तो सुरुवातीचे बहुतेक सामने हरला. म्हणजे हौशी जगाचा अजिंक्य वीर व्यावसायिकांत नवशिका ठरला. १९६२ चा पराक्रम ‘सर्वांत’ नव्हे, ‘उरलेल्यांत’ होता, असे मी काल नावेत म्हणाले. वडिलांना ते आवडले नाही. पण मग १९६९ येते. दारे उघडलेली, रोजवॉल आहे, न्यूकम आहे, रोश आहे, तरुण ॲश आहे. आणि लेव्हर पुन्हा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकतो. त्यानंतर एकाही पुरुषाला एकेरीत हे साधलेले नाही. २०२१ साली जोकोविच तीन स्पर्धा जिंकून अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत आला, आणि डॅनिल मेदवेदेवकडून तीन सरळ सेट्समध्ये हरला. शेवटच्या गेमपूर्वी खुर्चीवर बसून तो टॉवेलात तोंड लपवून रडला, ते आपण दूरदर्शन संचावर पाहिले असेल. आकड्यांचा धनी असलेला माणूस एका अशा आकड्यासाठी रडत होता, जो ५२ वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा झाला होता. भाचा या ठिकाणी गप्प बसला, हे नमूद केले पाहिजे.

त्याचीही बाजू आहे, आणि ती दुबळी नाही. १९६९ च्या चार स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर झाल्या, मातीवर एकच. जोकोविचने हिरवळ, माती आणि कठीण मैदान या तिन्हींवर, चारही स्पर्धा प्रत्येकी किमान तीन वेळा जिंकल्या आहेत. फेडररविरुद्ध त्याचे २७ विजय आणि २३ पराभव आहेत. नदालविरुद्ध ३१ आणि २९. २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्णपदकही त्याला मिळाले. त्याच्या काळात दार कोणालाही बंद नव्हते, आणि कोणी घरी बसून राहत नव्हते. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बोर्ग ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकदाच, १९७४ साली खेळला. त्या काळी ती स्पर्धा दूर होती, बक्षिसे बेताची होती आणि ऐन नाताळाच्या सुमारास येत असे. पुष्कळ नामवंत तिकडे फिरकत नसत. बोर्गचे ११ हे तीन स्पर्धांतले आहेत म्हटले तरी चालेल. जोकोविचच्या २४ पैकी १० एकट्या ऑस्ट्रेलियातले आहेत. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिता येतात, पण ते एकाच मापाने मोजलेले नाहीत. आणखी मागे गेले तर विल्यम रेनशॉ भेटतो. त्याची विम्बल्डनची विजेतेपदे सात. त्यांतील १८८२ ते १८८६ ची पाच त्याने दर वर्षी एकच सामना खेळून राखली. कारण गतविजेत्याने बाकीच्यांचे सामने होईपर्यंत थांबावे आणि शेवटी त्यांच्यातील विजेत्याशी खेळावे, असा त्या काळचा नियम होता.

याहून एक गंमत खेळाच्या पोटातच आहे. २०१९ सालचा विम्बल्डनचा अंतिम सामना आठवा. फेडररने त्या सामन्यात २१८ गुण मिळवले आणि जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ वर फेडररच्या हाती सामना जिंकण्याचे दोन गुण होते. दोन्ही गेले, आणि सामना जोकोविचने जिंकला. अन्याय झाला असे कोणी म्हणाले नाही, कारण टेनिसमध्ये बेरीज कधीच मोजत नाहीत. प्रत्येक गेमला हिशेब शून्यावर येतो, प्रत्येक सेटला पुन्हा शून्यावर येतो. गुण किती मिळाले यापेक्षा कोणत्या क्षणी मिळाले याला येथे किंमत आहे. असा हा खेळ. आणि त्याच खेळाडूंच्या आयुष्याचा हिशेब करायला बसलो की आपण किराणा दुकानदारासारखी बेरीज मांडतो! वहिनींचे फेडररप्रेम माझ्या भाच्याला बालिश वाटते. परंतु बेरीज न मानण्याच्या बाबतीत त्या खेळाच्या अधिक जवळ आहेत, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

आतापर्यंत मी ज्यांची नावे घेतली, ते निदान कोठे ना कोठे खेळत होते. ‘सर्वांत’ या शब्दाबाहेर राहिलेले आणखीही आहेत. अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत १९५० पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्या वर्षी अल्थिया गिब्सनला तो प्रथम मिळाला. म्हणजे बिल टिल्डन काय किंवा १९३८ साली चारही स्पर्धा जिंकणारा डॉन बज काय, त्यांनी जिंकलेल्या अमेरिकन स्पर्धांत देशातील एक संपूर्ण समाज कुंपणाबाहेर होता. दक्षिण आफ्रिकेने पुढे आर्थर ॲशला कित्येक वर्षे प्रवेशपत्र नाकारले. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ त्याच दक्षिण आफ्रिकेशी पडली. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. चषक हाताशी आला होता. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने तो सामना खेळण्याचे नाकारले, आणि चषक दक्षिण आफ्रिकेला मिळाला. विक्रमांच्या पुस्तकात भारताच्या नावापुढे त्या वर्षी उपविजेता एवढेच दिसते. दुसऱ्यांना कुंपणाबाहेर ठेवणाऱ्यांशी न खेळण्याची किंमत आपल्या खेळाडूंनी दिली, हे त्या रकान्यात मावत नाही.

आपल्या मराठी मुलखातीलही एक उदाहरण सांगते. ते लहान आहे, पण मला प्रिय आहे. नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे. जन्म १९३३ चा. पुढे बॅडमिंटनमध्ये त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. १९५६ साली क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि १९६१ साली अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक. पण आरंभी ते टेनिस खेळत. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत ते गेले, आणि तेथे कृष्णनकडून हरले. त्यानंतर त्यांनी बॅडमिंटन जवळ केले. त्यांचा मुलगा गौरव पुढे टेनिसकडेच वळला आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी झाला. नंदू नाटेकरांचे मनगट ज्यांनी पाहिले, ते सांगत की तसे मनगट पुन्हा झाले नाही. ते हिरवळीवर राहिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. मी एवढेच म्हणते की, ‘सर्वांत’ म्हणताना ज्यांची मोजणी करायची, त्यांतून एक माणूस त्या दिवशी कमी झाला, आणि त्याची नोंद टेनिसच्या कोणत्याही पुस्तकात नाही. मी अनुवाद करीत असलेल्या पुस्तकातही नाही.

मग माझे मत काय, असे आपण विचाराल. दारे सर्वांना उघडी आहेत आणि सगळे चारही ठिकाणी जातात, अशी स्थिती साधारण गेल्या तीन-साडेतीन दशकांची आहे. त्या काळातील पुरुष खेळाडूंत जोकोविच सर्वांत श्रेष्ठ, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता म्हणेन. वहिनी मला क्षमा करतील अशी आशा आहे. एकाच वर्षापुरते विचाराल तर लेव्हरचे १९६९. आणि १९६८ च्या अलीकडचे व पलीकडचे अशा दोघांना एका तागडीत घालून तोलण्याची माझी तयारी नाही. तागडी तीच असली तरी वजने निराळी आहेत. वडिलांचे म्हणणे पडले की, ही पळवाट झाली. भाच्याचेही तेच म्हणणे पडले. रात्रभरात त्या दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच मुद्द्यावर.

परंतु अनुवादकाला आपले मत पुस्तकात घुसडण्याचा अधिकार नसतो. लेखकाने लेव्हरला सर्वश्रेष्ठ म्हटले आहे. मला ते तसेच म्हटले पाहिजे. माझ्या हाती होता तो एवढाच निर्णय की, ‘सर्व काळातील’ याचे काय करावे. ‘सार्वकालिक’ हा शब्द मी प्रथम लिहिला होता. तो भारदस्त आहे, आणि वृत्तपत्रांना आवडतो. पण सर्व काळात उद्याचाही काळ येतो. जो मुलगा आज एखाद्या भिंतीवर चेंडू मारीत असेल, त्यालाही लेखकाने आधीच हरवून ठेवल्यासारखे होते. म्हणून तो शब्द खोडून मी ‘आजवरच्या’ असा शब्द घातला. ‘आजवरच्या सर्व खेळाडूंत थोर’. आता ‘आजवर’ म्हणजे कोणत्या दिवसापर्यंत, हा प्रश्न उरलाच. वाचक पुस्तक उघडील त्या दिवसापर्यंत, असे तो समजेल, आणि ते लेखकाच्या मनात नव्हते. त्यासाठी मी तळाशी दोन ओळींची टीप दिली आहे : मूळ पुस्तकाचे वर्ष, आणि त्या वर्षापर्यंत कोण खेळले होते ते. वडील म्हणाले, टीप कोण वाचतो? संपादकांचेही मत फारसे निराळे नाही.

हस्तलिखित छापखान्यात जाण्यास अद्याप दोन आठवडे अवकाश आहे. ‘आजवरच्या’ऐवजी अधिक नेमका शब्द आपल्यापैकी कोणाला सुचला, तर तो मला आज परतीची गाडी निघण्यापूर्वी सांगावा, किंवा मागाहून पत्राने कळवावा. आणि ज्यांची मंदिरातील मोजणी ८१ पेक्षा वेगळी भरली असेल, त्यांनी माझ्या भाच्याशी बोलावे. तो सकाळपासून दोनदा वर जाऊन आला आहे, आणि त्याचा हिशेब अजून जमत नाही.